बाहेरच्या दाराचा सांधा

इथे आखातात, मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लाकडाच्या कामात माझ्या नवऱ्याचं चालतं आणि बाकी सगळीकडे माझं. मुरलीधर बोलतात कमी, पण हेका पक्का. बाहेरच्या दाराला कुसू-खाचच हवी. आडव्या पट्टीचं टोक तासून कुसू काढायचं आणि उभ्या पट्टीतल्या खाचेत ठोकून बसवायचं. "आत एसी, बाहेर ऊन. नुसत्या लाकडी खुंट्या घालून जोडलेलं दार दोन उन्हाळ्यांत ढिलं पडतं," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणार. खाचही पटाशीनेच पाडणार. मशीन घ्या म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतेय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

परवा आमचे जुने गिऱ्हाईक फहद आले. नव्या व्हिलाचं मुख्य दार, तेही पश्चिमेला. मुरलीधर म्हणाले, "खुंटी लगाएंगे भाई. जल्दी होगा."

"जैसा तुम बोलो, उस्ताद," म्हणून फहद गेलेही.

"अहो, पश्चिमेच्या दाराला खुंट्या?" मी विचारलं.

"आता ग्लू चांगले आलेत. तू कोटेशन पाठव. खलास."

ग्लूवर यांचा विश्वास कधीपासून? मी कोटेशन पाठवलं नाही. लाकडाचा नमुना शोधायला त्यांच्या बाकाखाली वाकले, तर तिथे सागाचे तुकडे पडलेले. प्रत्येकात खाच पाडलेली, आणि पटाशी घसरून प्रत्येक खाचेची कड तुटलेली. असं काम त्यांच्या हातून मी कधी पाहिलं नव्हतं. हल्ली ते चहाचा कप टेबलावरच ठेवून वाकून पितात, हेही तेव्हा आठवलं. त्यावरून मी त्यांना 'नवाबसाहेब' म्हणून चिडवलं होतं. मला वाईट वाटलं, आणि लपवलं म्हणून संतापही आला.

एक तुकडा उचलून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. डॉक्टरकडे जाऊन आलो. गोळ्यांनी हाताची थरथर कमी होईल म्हणाले, जाणार नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू वर्कशॉप बंद करायला लावलं असतंस. घरी बसून मी काय करू?"

खरं होतं. मी लावलंच असतं. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते बोलवेना.

"सांधा तोच राहू दे," मी म्हटलं, "हत्यार बदलू. खाच पाडायची मशीन आणू, चालवायला शेजारच्या वर्कशॉपमधल्या हारुनला घेऊ. फहदभाईंना खुंट्यांचं दार देऊन तुम्हाला झोप लागणार आहे का?"

"मग माझं काम काय?"

मी सागाची पट्टी बाकावर घेतली, पेन्सिल उचलली. "रेघ कुठे मारायची, दाखवा."

त्यांनी डाव्या हाताने काटकोनाचा गुण्या पट्टीवर लावला.

"दोन्ही हातांनी धरा."

त्यांनी उजवा हात खिशातून काढून गुण्यावर ठेवला. गुण्या थरथरत होता. मी ओढलेली रेघ वाकडी आली. असल्या रेघेसाठी त्यांनी भल्याभल्या कारागिरांना झापलं होतं. त्यांनी ती पुसली.

"गुण्या तूच धर," ते म्हणाले. वाकले, एक डोळा मिटला. "केसभर डावीकडे घे."

मी सरकवला. मला काहीच फरक दिसला नाही.

"अजून थोडा," ते म्हणाले. "हां. आता मार."