झोळीचा धडा

माझी पणजी खामगावच्या सराफ्यात चांदी तोलणारी तागडी होती. इतकी नाजूक, की पारड्यात गव्हाचा एक दाणा ठेवला तरी मान लववायची. आजोबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात जमिनीत बसवलेला मोठा काटा होते. कापसाने भरलेली बैलगाडी बैलांवाचून अंगावर घ्यायचे आणि हूं की चूं करायचे नाहीत. वडील रेशनच्या दुकानात उभे राहिले. तिघांत जास्त शिव्या त्यांनीच खाल्ल्या, कारण दुकानदाराचा अंगठा पारड्यावर असायचा आणि बोल मात्र वडिलांना लागायचा. पण या तिघांपैकी एकानेही आयुष्यात खोटे माप सांगितले नाही. अशा घराण्यात जन्मलेला मी, अंगणवाडीच्या छताला टांगलेला वजनकाटा. मित्रांनो, चुळबुळ थांबवा आणि नीट बसा. मी दोनदा सांगत नाही.

माझे अंग ताटलीसारखे गोल आहे. पांढरी तबकडी, तिच्यावर पंचवीस किलोपर्यंतच्या रेघा आणि एकच लाल सुई. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटले होते की मीही बाजारात जाणार, भाजी नाही तर भुसार तोलणार. पण मला विकत घेतले सरकारने. मुंबईला मंत्रालय आहे. तिथे बायका आणि लेकरांचे कल्याण पाहणारे एक स्वतंत्र खाते आहे. गरोदर बाईला चौरस जेवण मिळते की नाही, तान्हे बाळ वाढते की नाही, तीन वर्षांचे मूल शिकायला बसते की नाही, हे सगळे पाहण्याचे काम त्या खात्याचे. आता मुंबईहून कोणी रोज उठून वरवट बकालच्या पुढच्या खेड्यात येऊ शकत नाही. म्हणून खात्याने गावोगावी एक सेविका नेमली, तिच्या मदतीला मदतनीस दिली आणि त्या दोघींच्या हाताशी मला पाठवले. माझी सुई जे सांगेल ते सेविका लिहिणार, सेविका लिहील ते मुंबईला कळणार. एवढा मोठा विश्वास माझ्या पणजीवरही कोणी टाकला नव्हता.

खेड्याचे नाव मी सांगणार नाही. झालेली चूक कोणत्याही गावात होऊ शकली असती.

आमच्या सेविका प्रेमलाताई आणि मदतनीस कलाबाई. दर महिन्याला वजनाचा दिवस यायचा. लेकरे मला पाहताच भोकाड पसरायची, आयांच्या पदरात तोंड खुपसायची, आणि कलाबाई म्हणायच्या, “रडू नको बे, काटा चावत नाही.” मी कितीतरी वर्षे हे ऐकले. ज्या पोरींना झोळीत घेतले त्यांच्या लेकरांनाही झोळीत घेतले. ज्या मुलाचे वजन वयाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात पडायचे त्याला नुसती शाबासकी. पिवळ्यात पडले तर प्रेमलाताई आईला समजावायच्या. आणि लाल पट्ट्यात आले, की मुंबईपर्यंतची सगळी साखळी हलायची. जास्तीचा आहार, डॉक्टरांची तपासणी, फारच असले तर तालुक्याच्या दवाखान्यात आईसह चौदा दिवस मुक्काम. म्हणजे लाल पट्टा भीतीचा असला तरी दार तोच उघडायचा. हे नीट ध्यानात ठेवा.

मधल्या काळात बॅटरीवर चालणारा एक नवा काटा आला. बॅटरी संपली तसा तो कपाटात जाऊन बसला. कलाबाई त्याला लाडाचा जावई म्हणायच्या, कारण खाऊ घातल्याशिवाय तो उठत नसे. पुन्हा माझीच गरज पडली, पण पूर्वीचा मान राहिला नाही. माझ्याकडे पाहायला प्रेमलाताईंना वेळच उरला नव्हता. मोबाइलवर हजेरी, मोबाइलवर फोटो, मोबाइलवर आहाराची नोंद, वर कोणत्या ना कोणत्या योजनेचे अर्ज. नेटवर्क शोधत त्या गच्चीवर चढायच्या आणि खाली लेकरे ताटे वाजवायची. खात्याला सगळे तातडीने हवे असते. खरे हवे असते की नाही, हे विचारायला फोनमध्ये रकाना नव्हता.

गेल्या हिवाळ्यात माझी जुनी पातळ झोळी उंदरांनी कुरतडली. नवीन झोळीसाठी प्रेमलाताईंनी वर अर्ज केला. उत्तर आले नाही. तेव्हा कलाबाईंनी घरची जुनी गोधडी फाडली, दुहेरी घडी घातली, कडांना सुताची दोरी शिवली आणि झकास झोळी तयार केली. लेकरांना थंडीत ऊब मिळावी, एवढाच त्यांचा विचार. त्या माउलीला मी अजूनही दोष देत नाही. पण ती गोधडीची झोळी जुनीपेक्षा चारशे ग्रॅम जड होती.

रिकामी झोळी अडकवून, माझ्या पाठीचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची आणि मगच लेकरू बसवायचे, असा नियम. बाजारात यालाच धडा करणे म्हणतात. तेल घ्यायला गेलात तर दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, नाहीतर भांडेही तेलाच्या भावात जाते. आमच्याकडे मात्र लेकरे रडतात म्हणून त्यांना खाली जमिनीवरच झोळीत गुंडाळायचे आणि मग उचलून हुकाला लावायचे, अशी सवय पडली होती. रिकामी झोळी माझ्या हुकाला कोणी लावलीच नाही, आणि स्क्रू जुन्या झोळीच्या शून्यावरच राहिला.

जानेवारीत एका दिवसात गावातली सगळी लेकरे चारशे ग्रॅमने वाढली. प्रेमलाताईंना आनंद झाला. तालुक्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि एकही मूल लाल पट्ट्यात नाही म्हणून प्रमाणपत्र दिले. ते चौकटीत घालून माझ्या समोरच्याच भिंतीवर लावले. मला दिवसभर ते पाहावे लागे. मित्रांनो, ज्याला एकच बोट आहे आणि तेही खोट्याकडे वळवून ठेवले आहे, त्याचा संताप कसा असतो ते तुम्हांला समजणार नाही. मी जे अंगावर पडले तेच दाखवत होतो. झोळीचे वजन लेकराच्या नावावर चढत होते आणि मला तोंड नव्हते.

त्या लेकरांत मलिहा होती. चौदा महिन्यांची, समीनाची मुलगी. डिसेंबरात तिला जुलाब झाले होते आणि त्यानंतर ती अन्नाला तोंड लावत नव्हती. खरे वजन साडेसहा किलो, म्हणजे लाल पट्टा. सुईने दाखवले सहा किलो नऊशे. पिवळा पट्टा. दार बंद.

मलिहाची आजी जहांआरा आठवडी बाजारात लाल मिरची विकते. तिचा हात माझ्या सुईइतकाच पक्का. जानेवारीतल्या त्या वजनाच्या दिवशी नातीला झोळीतून काढून तिने कडेवर घेतले, दोनदा वरखाली झुलवले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, धडा केल्ता का?” तिने विचारले.

प्रेमलाताई फोनवर मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यात अंगणवाडीचा धडा. त्या म्हणाल्या, “झाला न चाची, सकाळीच झाला. पोरायनं तोंडपाठ म्हटला.”

जहांआरा बिचारी चक्रावली. धडा पोरे तोंडपाठ कशी म्हणतील? पण सरकारी रीत वेगळी असेल, असे समजून ती नातीला घेऊन घरी गेली. शिकलेल्या बाईपुढे आपण कशाला बोलायचे, हा संकोच. एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यात मलिहाचा एक महिना गेला. तो महिना मी छताला लटकून मोजला आहे.

फेब्रुवारीत जहांआरा पुन्हा आली तेव्हा ती संकोच घरी ठेवून आली होती. मलिहाचा चेहरा बोरासारखा सुकला होता. रडायचे बळही राहिले नव्हते. सुईने सहा किलो आठशे दाखवले आणि प्रेमलाताई म्हणाल्या की शंभरच ग्रॅम कमी झाले आहे, घाबरू नका.

“खाली करा तिले,” जहांआरा म्हणाली. “आता ती झोळी रिकामीच लटकवा. मले धडा पाहू द्या.”

“चाची, धडा तर पोरायचा झाला...”

“पोरायचा नाही हो बाई, झोळीचा. मी मिरची तोलतो तर पोत्याचा धडा करतो. तुम्ही माह्या नातीले गोधडीसकट तोलून राह्यल्या काय?”

कलाबाईंनी रिकामी झोळी माझ्या हुकाला लावली. आत कोणीही नव्हते. सुई चालत गेली आणि चारशेवर जाऊन थांबली. खोलीतल्या सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. कलाबाईंनी झोळीची दुहेरी घडी बोटांनी चाचपून पाहिली.

त्यानंतर प्रेमलाताईंनी स्क्रू फिरवला आणि सगळी लेकरे पुन्हा तोलली. पाच लाल पट्ट्यात निघाली. मलिहा सहा किलो चारशे. तिला दवाखान्यात पाठवायचे तर नोंद दुरुस्त करायला हवी, आणि नोंद दुरुस्त केली तर भिंतीवरचे प्रमाणपत्र खोटे ठरणार. प्रेमलाताईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले होते. अहवाल जिल्ह्याला गेला आहे, एकदम पाच लाल दिसली तर वरून विचारणा होईल, पुढच्या तीनचार महिन्यांत हळूहळू कमी दाखवा, असा त्याचा सारांश.

प्रेमलाताई शांत स्वभावाच्या. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. त्या म्हणाल्या, “मॅडम, पोरगी हळूहळू कमी होऊनच राह्यली आहे. तेच तर सांगून राह्यले.”

मग त्यांनी खुर्चीवर चढून प्रमाणपत्र उतरवले, चूक कशी झाली ते कागदावर लिहिले, खाली सही केली आणि तो कागद, पाच लेकरांची नावे व खरी वजने थेट प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवली. “झोळी मी शिवली, दोष माझा लिहा,” असे कलाबाईंनी सांगितले. प्रेमलाताईंनी ते लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याची गाडी आली. समीना आणि मलिहा चौदा दिवस तालुक्याला राहिल्या. इतर चौघांना अंगणवाडीतच दिवसातून अनेकदा खाऊ घालणे सुरू झाले. प्रेमलाताईंना नोटीसही आली, तिचे उत्तरही त्यांनी दिले. म्हणजे पाहा, खाते आंधळे नव्हते आणि निष्ठुरही नव्हते. त्याला खरे कळताच ते एका दिवसात धावले. मग महिनाभर आम्ही त्याला खोट्यात का ठेवले, याची चीड मला आजही गिळता येत नाही. मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी सेविका होईल, कोणी मुंबईत त्या खात्याच्या खुर्चीवर बसेल. आकडा चांगला आला की आधी टाळी वाजवू नका. रिकामी झोळी लटकवून पाहा. आणि एखादी मिरची विकणारी म्हातारी काही विचारू लागली, तर फोन खाली ठेवून तिचे पूर्ण ऐका.

राहता राहिली माझी गोष्ट. आमच्या घराण्यात कोणाचे देणे ठेवायची पद्धत नाही, आणि मलिहाचे चारशे ग्रॅम माझ्यावर होते. कागदावर तिच्या नावाने चढवले, पण अंगावर दिले नव्हते. मार्चच्या वजनाच्या दिवशी ती आली. जहांआराने आधी रिकामी झोळी लटकवायला लावली, डोळे बारीक करून सुई शून्यावर असल्याची खात्री केली आणि मगच नातीला आत बसवले. मलिहाने दोन्ही पाय झाडले आणि जीव खाऊन भोकाड पसरले. त्या रडण्याने मी गदगदा हललो. सुई थरथरली, मागेपुढे झाली आणि ठरली. सहा किलो आठशे. चारशेच्या चारशे, एक ग्रॅम कमी नाही.