मागचं कार्ड

सकाळी आले तेव्हा 'आय' अक्षराच्या कार्डांचा खण अर्धा उघडा होता. इंग्रजी शब्दकोशाच्या आमच्या कचेरीत खण उघडा टाकणारा माणूस नाही. आणि त्या खणांत माझी चोरी होती.

प्रमुख संपादक, म्हणजे सर, अडीच वर्षांपासून चुकत होते. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्याच कार्डावर उतरवायचे. मी गुपचूप लाल पेन्सिलीनं चूक खुणवायचे, नवं कार्ड लिहायचे आणि छपाईला त्याचीच नक्कल धाडायचे. सरांना पत्ता नव्हता. पण चुकलेलं कार्ड फाडायचं नाही, नव्याच्या मागे टाचायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली. झाकपाकसुद्धा मी शिस्तीत केली, असा माझा शहाणपणा.

उपसंपादकाला आम्ही टाचणी म्हणायचो, कारण तो कुठेही रुतायचा. सरांच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता. आठवडाभर तो फोनवर कुजबुजत होता आणि मी दिसले की हवापाण्यावर यायचा. आज अकराला विश्वस्त येणार होते.

"बाई, हे बघा." सर 'इंट्रीग'चं कार्ड घेऊन टेबलापाशी आले. "कारस्थान हा अर्थ सगळ्यांना ठाऊक. कुतूहल चाळवणं हा त्यामानानं कालचा. पण मूळ लॅटिन शब्द म्हणजे गुंतवणं, गुरफटवणं. आधी गुंता, मग कट, मग उत्सुकता. गंमत आहे की नाही?"

कार्डात एकही चूक नव्हती. मला रडूच आलं.

"सर, आज बैठकीला जाऊ नका. बरं नाही म्हणून मी कळवते."

"का हो?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. "ऊन फार आहे," मी म्हणाले. ते हसून आत गेले.

बैठकीत टाचणीनं एकशे बारा कार्डं जोडीजोडीनं टेबलावर मांडली. "पुढचं बरोबर, मागचं सरांचं."

"सुधारलं कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

अक्षर माझं होतं. "मी," म्हणाले.

"किती दिवस?" हे सरांनी विचारलं. आवाज जराही चढला नव्हता.

"अडीच वर्षं."

"दोघं मिळून?"

"नाही, सर. ह्यांच्या उद्योगाशी माझा संबंध नाही. मी तुम्हाला सांभाळत होते."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. चाळीस वर्षं कोश सांभाळलेल्या माणसाला चारचौघांत मी हे ऐकवलं होतं. टाचणीनंसुद्धा मान खाली घातली.

सरांनी खिशातलं पेन काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. मग सकाळचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. "एवढं तपासून घ्या. लाल पेन्सिल आहेच तुमच्याकडे."

मी वाचायचं नाटकही केलं नाही. "हे बरोबर आहे, सर."

ते दारापाशी थांबले. "खरं सांगताय," त्यांनी विचारलं, "की सांभाळताय?"