मावशींचा 'च'

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. सागाचा, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, आणि अंगावर इंग्रजीतला एकच शब्द कोरलेला: ओन्ली. हसू नका मित्रांनो. 'ठोकळा' म्हटलं की तुम्हाला वर्गातला कोण आठवतो, ते मला ठाऊक आहे. पण मी जे पाहिलं ते ऐकलंत, तर तुम्हीही तोंडात बोट घालाल.

एका सुताराने मला घडवलं. त्याची धाकटी बहीण मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायची. फळ्यावरचं वाक्य पुसलं की डोक्यातूनही जातं, हाताने मांडलेलं राहतं, असं तिचं म्हणणं. म्हणून त्याने उरलेल्या फळ्या कापल्या, पॉलिशपेपरने घासल्या आणि बोटाला लागतील अशी खोल अक्षरं कोरली. आय, यू, ही, शी ही सर्वनामांची भावंडं एका डब्यात गेली. त्यांच्यात एकाचं नाव 'मी' होतं आणि त्याचा अर्थ होता 'मला', त्यामुळे वर्गात रोज गोंधळ! आम्ही क्रियाविशेषणं दुसऱ्या डब्यात. वर्ग भरायचा लाँड्रीच्या मागच्या खोलीत. भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ सुटायची आणि आम्हा सगळ्यांना साबणाचा वास यायचा.

पहिल्याच आठवड्यात मला माझी ताकद कळली. सुताराच्या बहिणीने, म्हणजे आमच्या बाईंनी, तीन ठोकळे मांडले: शी, कॉल्ड, मी. म्हणजे, 'तिने मला हाक मारली'. मग मला उचलून 'शी'च्या आधी ठेवलं, तर अर्थ झाला, फक्त तिनेच मला हाक मारली. 'शी'च्या नंतर सरकवलं, तर तिने नुसती हाक मारली, बाकी काही नाही. शेवटच्या 'मी'च्या आधी ठेवलं, तर तिने फक्त मलाच हाक मारली, दुसऱ्या कुणाला नाही. बाकीचे ठोकळे जागचे हलले नव्हते. हललो होतो एकटा मी, तेही वीतभर!

"अरे बाप रे," वर्गातले बसचालककाका म्हणाले, "याने तर माझं लग्न मोडलं असतं!"

सगळे खो खो हसले. मला मात्र हसू येईना. एवढासा मी, आणि मी सरकलो की एका माणसाच्या मनातलं सगळं बदलतं? त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली. खरं सांगायचं तर, थोडा चढलोही.

मग काही वर्षांनी वर्गात मावशी आल्या. एका आजीबाईंकडे त्या दिवसभर सोबतीला असत. आजीबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि त्यांना इंग्रजीखेरीज काही येत नसे. मराठी यायची ती त्यांच्या सुनेला. तरी दोघींची गट्टी जमली होती. केस विंचरायला आजीबाईंना मावशीच लागत.

त्या दिवशी मावशी वर्गात आल्या त्या रडवेल्या होऊनच. दुपारी आजीबाईंनी विचारलं होतं, "आर यू देअर?" मावशींना म्हणायचं होतं, मी इथेच आहे. त्या घाईघाईत म्हणाल्या, "ओन्ली आय ॲम हिअर!"

म्हणजे काय झालं, कळलं ना मित्रांनो? इथे माझ्याशिवाय कुणीच नाही! आजीबाईंना वाटलं, मुलगा-सून आपल्याला टाकून गेले. त्या घाबरून उठल्या, टेबलावर आदळल्या. डोळा थोडक्यात वाचला.

सून मावशींना म्हणाली होती, "मावशी, माझा तुमच्यावर राग नाही. पण आई पुन्हा अशा उठल्या आणि पडल्या, तर डोळा जाईल. आणखी एकदा असं झालं, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"बाई, नोकरीचं सोडा," मावशी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "त्या माझ्या आवाजाला भ्यायल्या हो! माझ्या!"

बाईंनी दोन्ही डबे टेबलावर उपडे केले. मावशींनी मला शेवटी ठेवलं: आय ॲम हिअर ओन्ली. बाई म्हणाल्या, "अर्थ लागेल, पण पत्ता सांगितल्यासारखं वाटतं. धीर नाही येत." मावशींनी मला मध्ये घातलं: आय ॲम ओन्ली हिअर. बाई म्हणाल्या, "आता तर 'नुसती इथे आहे', एवढंच झालं." मी इकडून तिकडे सरकून दमलो. इतकी वर्षं तोऱ्यात मिरवलो, आणि आज एका बाईला साधा धीर देता येईना मला!

"मग माझा 'च' गेला कुठे?" मावशी वैतागून म्हणाल्या. "इथेच मधला 'च' हो! इंग्रजांना 'च' लागत नाही का?"

बाईंनी मला उचललं, बाजूला ठेवलं आणि माझ्या जागी दुसराच ठोकळा सरकवला: राइट. आय ॲम राइट हिअर.

"राइट म्हणजे बरोबर ना? नाहीतर उजवा?"

"तोच. पण इथे तो तुमचा 'च' आहे, मावशी."

मावशी त्या चार ठोकळ्यांकडे बघतच राहिल्या. मीही. त्या साध्यासुध्या राइटने जे केलं, ते माझ्याच्याने कधीच झालं नसतं. मी माणसांना वेगळं काढतो. हाच, हीच, एवढंच. त्याने माणसाला जवळ आणून बसवलं.

बाईंनी पाचही ठोकळे मावशींना सरावाला दिले. कोणता घ्यायचा नाही, हेही हाताला कळावं म्हणून मलाही. मावशी आम्हाला ॲप्रनच्या खिशात घालून कामावर जाऊ लागल्या.

एका दुपारी वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं. आजीबाई झोपेतून दचकल्या, हाताने हवा चाचपू लागल्या. "आर यू देअर? आर यू देअर?" एक पाय जमिनीला टेकलासुद्धा. सून दारातच होती, पण हातातल्या भरल्या ट्रेमुळे तिला पुढे धावता येईना. मावशींचा हात सवयीने खिशात गेला आणि मुठीत आलो मी! त्यांच्या जिभेवर मीच येतोय, हे मला जाणवलं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

मावशींच्या बोटांनी माझी अक्षरं चाचपली. त्यांनी मला खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मग आजीबाईंचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "आय ॲम राइट हिअर."

आजीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाय वर घेतला. "यू आर," त्या म्हणाल्या. आहेस खरी.

"असणारच!" मावशी मराठीतच बोलून गेल्या. "जाते कुठे?"

आजीबाईंना त्यातलं अक्षर कळलं नसेल, तरी त्या हसल्या. सुनेने ट्रे ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मावशी, पट्टी सुटल्यावरही याल ना हो?"

मी टेबलावर पडून हे सगळं पाहत होतो. ज्या वाक्यात मी नव्हतो, त्या वाक्याने एक डोळा वाचवला होता. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण त्याहून जास्त नवल वाटलं, अजूनही वाटतं.

तर मित्रांनो, मला जरूर वापरा, पण कुठे ठेवताय ते बघून ठेवा. आणि कुणी घाबरून विचारलं, आहेस ना?, तर आधी मला हातातून खाली ठेवा आणि मग त्याचा हात धरा.