कोपऱ्यातली गोलाई

मेव्हण्याने गोणपाटात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट, पिस्टनच्या रेट्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, गॅरेजातल्या बाकावर ठेवला.

"दाजी, मोठ्या इंजिनाचा आहे. तुमच्या ब्लॉकमध्ये चपखल बसतो, मापं घेतलीत मी," मेव्हणा म्हणाला. "पिस्टनचा फेरा लांबला की ताकद वाढलीच समजा. ताई यंदा सगळ्यांना धूळ चारणार!"

ताई म्हणजे मेव्हण्याची बहीण आणि या दाजीची बायको. डोंगररस्त्यावरच्या शर्यतीत ती गाडी चालवायची आणि तिचं इंजिन हा बांधायचा. दोघांची ओळखच त्यातून झालेली. भीती कधी मध्ये आली नव्हती. पण गेल्या वर्षी तिच्या आधी सुटलेल्या गाडीचा क्रँक ऐन वळणावर तुटला. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल मागच्या चाकांखाली सांडलं आणि गाडी कठडा मोडून खाली गेली. चालवणारा वाचला, अजून काठी घेऊन चालतो. लोखंड फाटल्याचा तो आवाज मात्र याच्या कानात घर करून बसला.

त्याने क्रँक स्वच्छ पुसला. भेगा दाखवणारा लाल रंग लावून बघितला. भेग नव्हती.

"झालं समाधान?" मेव्हण्याने विचारलं.

रॉड जिथे बसतो त्या गुळगुळीत भागावरून त्याने नख कडेपर्यंत नेलं. नख अडकलं. मशीनवर घासताना कुणीतरी कोपऱ्यातली गोलाईच खाऊन टाकली होती. गोल वळणाऐवजी तिथे काटकोन झाला होता. क्रँक तुटतो तो असल्याच जागी.

"नखाला लागलं म्हणून नको? दाजी, हल्ली तुम्हाला रिकाम्या पोत्यातही साप दिसतो."

तो ओशाळला, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. टायर, ब्रेक, सीटचा पट्टा, हल्ली त्याला सगळ्यातच खोट दिसायची. घाबरून घाबरून आपली नजरच बिघडली असेल तर?

बायको आली. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"खरं सांग. हे कारागीर बोलतोय की माझा नवरा?"

"मला नाही वेगळं करता येत," तो म्हणाला.

"बरं. मी कुणी परकी बाई आहे. इंजिन बांधून घ्यायला आलेय. हा क्रँक घालशील?"

"नाही. दारातूनच परत पाठवीन."

"मग संपलं."

मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. गोणपाट उचलून तो निघून गेला.

मेव्हणा गेल्यावर त्याने घडीव पोलादाचा नवा क्रँक निवडला, मेव्हण्याच्या क्रँकपेक्षा फेरा थोडा कमी, पण जुन्यापेक्षा जास्त असलेला. जुने पिस्टन त्याच्यावर चालले नसते. वर जाऊन इंजिनाच्या झाकणावर, हेडवर आपटले असते. पिनचं भोक वर सरकवलेले बुटके पिस्टन आणले, तर खाली आल्यावर ते क्रँकवरच्या तोल साधणाऱ्या वजनांना खेटू लागले. मधून फट मोजायची पातळशी पट्टीसुद्धा जाईना. मग खालची कड आखूड असलेले दुसरे पिस्टन आले आणि पट्टी सहज गेली. तरीही तो इंजिन हाताने फिरवत राहिला, कान लावून. जेवायला बोलावलं तरी ऐकू येईना.

शर्यतीच्या दिवशी तो पायथ्याशी उभा राहिला. मेव्हणाही आला, रुसवा विसरून. गाडी सुटली. एकेका वळणाआड आवाज बारीक होत वर चढत होता, भरदार आणि सलग. आणि मधेच थांबला.

"दाजी?" मेव्हणा म्हणाला.

तो पळत सुटला होता. चढावर छाती फुटायची वेळ आली. मागून धापा टाकत मेव्हणा बडबडत होता, "माझा क्रँक नाही घातलात ते बरं केलंत, बरं केलंत..."

गाडी कडेला उभी होती. पुढून पांढरी वाफ येत होती. बायको दगडावर बसली होती, मनगट धरून.

"आतलं सगळं शाबूत आहे," तिने लांबूनच ओरडून सांगितलं. "पाण्याचा पाइप निसटला. तापमानाचा काटा चढताना दिसला, मी लगेच बंद केली."

त्याने वाकून पाहिलं. पाइपची क्लिप अर्धवट आवळलेली होती. क्रँकचा कोपरान् कोपरा तपासणाऱ्या त्याने ती स्वतःच्या हाताने लावली होती.

"माझ्या हातून राहिली," तो म्हणाला. तो तिथेच रस्त्यावर बसला.

"कळलं ते. वाफ लागलीय हाताला, पाणी दे आधी." तिचे डोळे चमकत होते. "पण काय ओढते रे गाडी! पुढच्या शर्यतीत बघच तू."

मेव्हण्याने बाटली आणून दिली. ती घेऊन नवरा तिच्या मनगटावर पाणी ओतू लागला. निम्मं रस्त्यावरच सांडत होतं.