मिलवॉकी की व्हर्जिनिया

टांगलेल्या हरणाच्या नाकातून रक्त थेंबाथेंबाने येत होतं. थेंब आधी नाकपुडीच्या कडेशी जमायचा, फुगायचा, वजनाने खाली ओढला जाताना वर बारीक व्हायचा आणि मग तुटून बर्फात पडायचा. सकाळी रक्त गरम होतं तेव्हा प्रत्येक थेंबाने बर्फात खोल भोक पाडलं होतं. आता दुपार कलली होती, थंडी वाढली होती आणि थेंब दाट होऊन बराच वेळ लोंबकळत राहत होता.

आयलीने बर्फाने हात चोळले. बाबांनी मारलेल्या या नराचं पोट सकाळी तिनेच उघडलं होतं, आतडी काढली होती, बरगड्यांची पोकळी पुसली होती. नखांच्या कडेचं रक्त निघत नव्हतं. तिने नाद सोडला आणि ती खोपटात गेली.

पंधरा नोव्हेंबर. उत्तर मिशिगनच्या या जंगलात बंदुकीच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, आयलीचं, म्हणजे कोरपेलांचं, सगळं घर दरवर्षीप्रमाणे जंगलातल्या खोपटात. आणि योगायोग असा की कायद्याच्या कॉलेजांत लवकर निर्णयाचा अर्ज करण्याचीही हीच शेवटची तारीख. असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो. सही करून शब्द द्यायचा की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेणार. मग वळायची सोय नाही. आयलीने दोन अर्ज तयार ठेवले होते, मिलवॉकीचा आणि व्हर्जिनियाचा. लॅपटॉप गाडीत होता. खोपटात फोन लागत नाही. टेकडीवरच्या रस्त्यावर गेलं की लागतो. आज तिथे जाऊन दोनातला एक पाठवायचा होता. उन्हाळ्यापासून ती हेच पुढे ढकलत आली होती.

"पाठवलास का ग?" आईने शेगडीवर पेस्ट्या गरम करत विचारलं. मटण-बटाटा भरलेल्या त्या मोठ्या करंज्या तिने काल रात्रीच भाजून आणल्या होत्या.

"नाही अजून."

"मिलवॉकीच टाक. फोन केला की संध्याकाळपर्यंत येशील तरी. त्या तिकडे लांब व्हर्जिनियाला गेलीस तर मी कुणाला बोलावू? शेरीफला?" आई हसली, पण मुलीकडे न बघता. "मला नाही आवरत हे दोघं. तुझं ऐकतात."

आयलीचा हात आपोआप गळपट्टीच्या हाडावर गेला. ईस्टरला बाबा आणि भाऊ कर्ट यांच्या मारामारीत मधे पडली तेव्हा ते मोडलं होतं. जुळलं, पण तिथे टेंगूळ राहिलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून दोघंही थांबले होते. तिला मात्र त्या दिवसातलं दुसरंच काही आठवत राहायचं: पहिला ठोसा मारण्याआधी बाबांनी मान वळवून ती कुठे आहे ते पाहिलं होतं. कर्टनेही. नंतर तिने मागच्या भांडणांची मनात उजळणी केली. प्रत्येक वेळी दोघांनी आधी तिच्याकडे पाहिलेलं होतं. ती घरात नसलेल्या दिवशीचं एकही भांडण तिला आठवेना. पण ती नसताना काय होतं हे तिला ठाऊक असणार तरी कसं, हेही खरंच होतं.

दार लाथेने उघडलं. बाबा, रॉडनी, आत आले, त्यांच्या मागून कर्ट. कर्ट तिशीचा, बापाएवढाच रुंद. त्याने रायफल खुंटीला टांगली आणि कुणाकडे न बघता बाकावर बसून बूट सोडू लागला.

"मारला का?" आईने विचारलं.

"मारला ना," रॉडनी म्हणाले. "बर्चचं झाड मारलं. जागच्या जागी मेलं."

"पळत होता तो," कर्ट म्हणाला.

"उभा होता. मी बघितला. गाईसारखा उभा होता, चघळत." त्यांनी कमरेचा सुरा काढला. "चला, शर्ट."

समोरच्या भिंतीवर शर्टांची कापलेली मागची टोकं खिळ्यांनी ठोकलेली होती. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं टोक कापायचं, नाव-साल लिहून भिंतीला लावायचं, ही इथल्या प्रत्येक खोपटातली रीत. कर्टची बरीच टोकं होती. आयलीचं एक होतं, ती चौदा वर्षांची असतानाचं. रॉडनींचं एकही नव्हतं.

"हा शर्ट नको," कर्ट म्हणाला. "लोकरीचा आहे. एवढाच आहे मला."

"मग नेम धरायचा होता. ऊठ."

कर्ट उठला, पण पाठ फिरवून नाही. "आधी तुझं काप."

"काय म्हणालास?"

"सकाळी मी दोन बार ऐकले, म्हाताऱ्या. लागोपाठ नाही, मधे वेळ गेला. पहिला कुठे गेला? बर्चला?"

"दोन्ही लागले."

"हो का? विचार की मग. पोट तिने फाडलंय." कर्ट आयलीकडे वळला. "बोला, वकीलबाई. गोळीची भोकं किती?"

आईच्या हातातला चिमटा थांबला. "आयली," ती हळूच म्हणाली. तिला काय हवं होतं ते आयलीला कळलं. नीट बघितलं नाही म्हण, थट्टेवारी घालव. आजवर ती हेच करत आली होती.

"भोक एकच आहे," आयली म्हणाली.

रॉडनींचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. त्यांनी सुरा टेबलावर ठेवला. मग त्यांनी मान वळवली आणि ती कुठे बसली आहे ते पाहिलं. कर्टनेही पाहिलं.

तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पहिला ठोसा कर्टच्या तोंडावर बसला. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. त्याने डोकं खाली घालून बापाच्या छातीवर धडक दिली आणि दोघं भिंतीवर आदळले. खिळे निघाले, टोकं खाली पडली. कर्ट बरगड्यांत मारत सुटला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. काहीतरी आत मोडलं. रॉडनींच्या तोंडून हवा शिट्टीसारखी निघाली. नेहमी इथवर यायच्या आधीच ती मधे आलेली असायची. आता दोघांचेही हात एक क्षण अडखळले, जसे ठरलेल्या पायरीसाठी पाय पुढे टाकावा आणि पायरी नसावी. मग ते पुन्हा भिडले, आणि आता त्यात काही राखून ठेवलेलं नव्हतं.

"आयली!" आई ओरडली. नवऱ्याचं नाव नाही, मुलाचं नाही. "आयली, ऊठ!"

आयलीने बाकाची कड सोडली नाही. ती उठली नाही.

रॉडनींनी कर्टचा हात पिरगळून त्याला वाकवलं, ढकलत नेलं आणि फाटलेल्या बाहीतून उघडा पडलेला त्याचा दंड शेगडीच्या लोखंडावर दाबला. चर्र झालं. कर्ट ज्या आवाजात ओरडला तो माणसाचा वाटला नाही. जळलेल्या कातडीचा वास पेस्ट्यांच्या वासात मिसळला. रॉडनी हात दाबून धरून आयलीकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघितल्यासारखे.

ती जागची हलली नाही.

मग त्यांनी स्वतःच हात सोडला.

कर्ट जमिनीवर बसला. आता आयली उठली. तिने पाण्याची बादली ओढली आणि त्याचा हात त्यात कोपराच्या वरपर्यंत बुडवला. कातडी वर आली होती, खालचं मांस पांढरं दिसत होतं. पांढरं म्हणजे खोल.

"बर्फ लाव त्याला," आई रडत म्हणाली.

"बर्फ नाही. पाणीच. मग दवाखाना."

रॉडनी भिंतीला टेकून उभे होते, एक हात बरगडीवर. श्वास तोडूनतोडून घेत होते. स्वतःच्या उजव्या पंजाकडे बघत होते, जणू तो कुणी त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता.

"तू आली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

आयलीने स्वच्छ पंचा भिजवून कर्टच्या दंडावर सैल गुंडाळला. त्याच्या खांद्यावर कोट टाकला.

"पोरी, मी विचारतोय. दर वेळी येतेस. आज का नाही आलीस?"

"तुम्ही सोडलात ना," ती म्हणाली. "तुमचे तुम्ही."

"त्याचा हात जळला."

"तुम्ही जाळलात. मी नाही."

आईने डोळे पुसले, गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि तिच्या हातात देताना बोटं धरून ठेवली. "मी येते बरोबर. कर्टजवळ मागे बसते," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मिलवॉकी ना ग?"

आयलीने बोटं सोडवून घेतली. कर्टला काखेत धरून उभं केलं. तो तिच्यावर रेलला. त्याचं सगळं वजन त्या टेंगळाच्या बाजूला आलं. दारात वळून ती आई-बाबा दोघांना ऐकू जाईल इतपत बोलली.

"वाटेत टेकडीवर एक मिनिट थांबणार आहे मी. व्हर्जिनियाचा अर्ज पाठवायचाय."