मशीनच करतंय की सगळं

घरात नवं यंत्र आलं की एक चमत्कार हमखास होतो. यंत्र सगळ्यांना दिसायला लागतं आणि ते चालवणारी बाई दिसेनाशी होते. मिक्सर आला, आता तुला वाटायचं कुठं असतं? गॅस आला, आता तुला फुंकायचं कुठं असतं? वॉशिंग मशीन आलं, मग तर बोलायलाच नको. वाचकहो, ही वाक्यं तुमच्याही घरात ऐकू आली असतील. कदाचित तुम्हीच म्हटली असतील. लासुर्ण्याच्या रविंद्रच्या घरात तर या एका वाक्यानं उच्छाद मांडला होता.

रविंद्र साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट. बायको प्रियदर्शनी गावच्या अंगणवाडीत सेविका. तिनं बारामतीला बेकरीचं प्रशिक्षण घेतलं आणि रविंद्रनं बोनसमधून तिला वाफेचा ओव्हन आणून दिला. त्याची हौस खरी होती, त्याबद्दल वाद नाही. त्या ओव्हनमध्ये ती मनुक्याचे बन करायची. दालचिनी, लवंग, जायफळ आणि संत्र्याची किसलेली साल घातलेले, वरून तकतकीत, आत मऊ. वास आळीभर जायचा आणि वासामागून माणसं यायची.

"वाफेचं मशीन हाय," रविंद्र छाती फुगवून सांगायचा. "बटन दाबलं की झालं. मशीनच करतंय की सगळं."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण हा दानशूर कर्ण भेटेल त्याला बन कबूल करत सुटला. भाचीचा वाढदिवस, घ्या बन. पाळीतला कुणी रिटायर झाला, घ्या बन. पीठ मळणं, ते फुगायची वाट बघणं, गोळे वळणं, ते पुन्हा फुगू देणं, मग आधी वाफ आणि नंतर कोरडी आच, हे सगळं बहुधा ते मशीन ओट्यावरून खाली उतरून करत असावं!

त्या शुक्रवारी संध्याकाळी प्रियदर्शनी पुस्तक घेऊन बसली होती. रविवारी बारामतीला मुख्यसेविका पदाची परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. अंगणवाडीतली पोरं, घरचा स्वयंपाक आणि लोकांचे बन यांतून वेळ काढून तिनं कसाबसा अभ्यास रेटत आणला होता. शेवटची उजळणी तेवढी राहिली होती.

रविंद्र आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "रविवारी दुपारी आमच्या पाळीतल्या विशालच्या पोरीचं बारसं हाय. बन आपल्याकडनं. सांगितलंय मी त्याला."

"मला इचारलं व्हतं का?"

"त्यात इचारायचं काय? आपला विशाल हाय."

"रविवारी माझी परीक्षा हाय. उद्या दिवसभर मला वाचायचंय. मी बन करणार न्हाय."

"अगं, तुला कुठं काय करायचंय? मशीन करतंय."

प्रियदर्शनीनं पुस्तक मिटलं. तिला ओरडावंसं वाटत होतं. या एका वाक्यानं ती इतकी विटली होती, की तो ओव्हन उचलून उकिरड्यावर टाकावा असंही एकदोनदा मनात येऊन गेलं होतं. पण ती ओरडली नाही.

"मग मशीनलाच सांगा," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली.

डाळ निवडत बसलेल्या भागुबाईनं, म्हणजे रविंद्रच्या आईनं, लेकाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा डाळीत मान घातली. रविंद्रला वाटलं, रागात बोलली, करील उद्या. पुरुषांच्या या 'करील' वर किती घरं चालतात, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

रविवारी तो उठला तेव्हा प्रियदर्शनी पहिल्या एसटीनं बारामतीला गेली होती. ओटा रिकामा होता. मैदा डब्यात, मनुका बरणीत आणि मशीन जागेवर.

"आये, बन कुठायत?"

"मशीनला इचार," भागुबाई दारातल्या खुर्चीवर बसत म्हणाली.

वालचंदनगरला बेकरीत जाऊन बन आणता आले असते. पण 'घरचे, वाफेवरचे' अशी फुशारकी मारून झाली होती. रविंद्रनं बाह्या सरसावल्या. मोबाईलवर बन करणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ लावला. बाई म्हणाल्या, यीस्ट कोमट पाण्यात भिजवा. रविंद्र हसला. सगळी नोकरी वाफेत गेलेला माणूस. कोमट पाण्यानं काय व्हतंय? त्यानं चांगलं उकळतं पाणी ओतलं. बिचारं यीस्ट तिथंच वारलं, पण हे त्याला कळायला अवकाश होता. पीठ हाताला चिकटलं, कोपरापर्यंत गेलं. तासभर झाकून ठेवलं, तरी ते होतं तेवढंच राहिलं. कंबर धरली. बारशाची वेळ जवळ येत चालली. शेवटी कंटाळून त्यानं गोळे वळले आणि ओव्हनची पाण्याची टाकी भरायला बाहेर काढली.

आणि तो थबकला.

टाकी आतून लख्ख होती. लासुर्ण्यातलं बोअरचं पाणी इतकं जड, की चार दिवसांत नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो. बॉयलरला असं पाणी गेलं तर नळ्या चोंदून बसतात. पाणी तपासणं, गाळ काढणं, साफ ठेवणं, यातच तर त्याची ड्युटी जायची. इथं मात्र थराचा पत्ता नव्हता.

"आये, ही ह्याच्यात पाणी कुठलं घालती?"

"फिल्टरचं. चौकातनं सोता जार उचलून आणती. अन् बन झालं की उरलं पाणी उपसती, आतनं फडक्यानं कोरडं करती. न्हायतर मशीन बसंल म्हणती."

"मी कधी बघितलं न्हाय."

"कसं बघशील? तवा तू भाईर बसून लोकास्नी सांगत असतोस, मशीन करतंय म्हणून."

रविंद्र टाकी हातात धरून उभा राहिला. भागुबाई उठून त्याच्याजवळ आली.

"गेल्या हंगामाच्या सांगतेला कारखान्यात काय झालं, आठवतंय का?"

त्याला आठवत होतं. विक्रमी गाळप झालं म्हणून अध्यक्षांनी नव्या बॉयलरला भलाथोरला हार घातला होता. भाषणात यंत्राचं कौतुक केलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या अटेंडंटांचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं.

"त्या रातीला तू जेवला न्हाईस," भागुबाई म्हणाली. "म्हणालास, आये, बॉयलर काय आपलाआपण पेटला का? माझ्या हाताची सालं गेली, अन् हार लोखंडाला. तुला तवा जे लागलं, त्येच ह्या पोरीला रोज लागतंय. तू अध्यक्षाच्या नावानं बोटं मोडलीस. तिनं कुणाच्या नावानं मोडायची?"

रविंद्रनं फिल्टरच्या पाण्यानं टाकी भरली आणि गोळे ओव्हनमध्ये सारले.

बन निघाले ते असे, की ताटात टाकल्यावर खणखण वाजले. बारशाला तो बेकरीतली बिस्किटं घेऊन गेला आणि विशालला चारचौघांत खरं ते सांगितलं. "बन न्हायत. तिला न इचारता मी कबूल केलं, चूक माझी हाय. तिची परीक्षा हाय आज."

संध्याकाळी प्रियदर्शनी एसटीतून उतरली तेव्हा तो फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला. काल वाचलेलंच बरंचसं आलं." तिनं त्याच्या मनगटावरचं वाळलेलं पीठ पाहिलं. "केलंत बन?"

"केलं. माझं चुकलं, प्रिया. बनाचं न्हाय म्हणत मी."

 "टाकी?" तिनं विचारलं.

"उपसली. पुसून कोरडी केली."

ती गाडीवर बसली. खूप दिवसांनी तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी तिनं बन केले, ते तिला करावेसे वाटले म्हणून. चौकातून पाण्याचा जार रविंद्रनं आणला. वासामागून शेजारच्या प्रयागबाई आल्या, एक बन खाल्ला आणि म्हणाल्या, "मशीन लई गुणाचं हाय गं बाई."

"मावशी," रविंद्र म्हणाला, "मागच्या रविवारी त्येच मशीन माझ्या हवाली केलं व्हतं. ते बन परड्यात पडल्यात. कोंबड्याबी चोच लावीनात. गुण कुणाचा, ते तितं जाऊन बघा."

वाचकहो, यंत्रं घरात जरूर आणा. पण यंत्र आणून दिलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका, आणि घरच्या बाईचा वेळ तिला न विचारता कुणाला वाटू नका. आज घरी गेलात की ओट्यावरच्या एखाद्या यंत्राची टाकी, जाळी, भांडं, काहीही उघडून बघा. ते स्वच्छ असेल, तर कुणीतरी ते रोज स्वच्छ करतंय. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. ते चारचौघांत घ्यायला शिका.