घासून लख्ख केलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. कसली, ते ऐकून नाक मुरडू नका. माझ्यावाचून तुमचेही चालत नाही. जर्मनीतल्या श्वाबिया भागात, डोंगराच्या पायथ्याशी मूठभर घरांच्या खेड्यात मला जमिनीत पुरले आणि गावातल्या साऱ्या मोऱ्या अन् संडास माझ्याकडे वळवले.

माझ्या पोटात तपकिरी गाळ असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. पंप त्यांना हवा देतो, गाव त्यांना खायला घालते, आणि ते जेवून उरलेले निवळ पाणी मी ओढ्यात सोडते. खाली त्याच ओढ्यावर ओयगेन नावाच्या म्हाताऱ्याचे ट्राउट माशांचे तळे आहे. वर्षानुवर्षे माझ्या पाण्याने त्याचा एकही मासा दगावला नाही. माझे कौतुक मात्र कोणी केले नाही. जावयाला कोणी टाकी दाखवायला आणत नाही.

या गावाला झाडलोटीचे भारी वेड. जिन्याची, अंगणाची, रस्त्याची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. पुढे माझीही पाटी निघाली. पाळीवाल्याने फक्त पंप चालू आहे ना ते पाहायचे आणि जाळीत अडकलेला कचरा काढायचा.

पेंटेकॉस्टच्या सणाआधी ती पाटी वाल्बुर्गाकाकूंच्या दारावर आली. टापटिपीत काकूंचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. माझे झाकण उघडताच त्या किंचाळल्या, "अगंबाई! एवढी घाण साठवून ठेवलीय? जनाची नाही, मनाची तरी!"

त्यांनी टँकर बोलावून मला तळापर्यंत उपसवले. लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या, वरून ब्लीचच्या बाटल्या रिकाम्या केल्या. मी लख्ख झाले. पहिल्यांदाच गाव मला बघायला आले. मला त्याचे सुख झाले नाही. माझ्या आत कोणीच उरले नव्हते.

मग पाणी जसे येई तसेच बाहेर पडू लागले. ओढा करडा झाला. ओयगेन दोन मेलेले मासे वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या दारात उभा राहिला.

"वाल्बुर्गा, टाकी घासलीस?"

"मग! तुझ्या मोरीपेक्षा स्वच्छ आहे."

"तेच तर झालं ना! अगं, ती घाण नव्हती, विरजण होतं. भांडंच विसळून ठेवलंस, आता दही लागायचं कशानं? असंच चाललं तर माझा एक मासा उरायचा नाही."

विरजण जवळ कुठे मिळणार, तर डोंगरापलीकडच्या गावात. त्या गावाला काकूंनी जन्मभर उकिरडा म्हटले होते.

चर्चला जायचा रविवारचा कोट घालून, दुधाचे कॅन गाडीत टाकून त्या तिथल्या टाकीवाल्या गेबहार्डकडे गेल्या.

"बोला वाल्बुर्गाबाई, काय हवंय?"

"थोडी... घाण."

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला."

"घाण द्या हो! तुमची घाण द्या!"

त्याने कॅन काठोकाठ भरून दिले. काकूंनी ते स्वतःच्या हाताने माझ्यात ओतले. कोटावर शिंतोडे उडाले, तरी झटकले नाहीत. पाणी निवळायला वेळ लागला. तोवर ओयगेनने झऱ्याचे पाणी वळवून मासे तगवले. सगळे नाही तगले.

मित्रांनो, माझे झाकण उघडाल तेव्हा खुशाल नाक धरा. पण घासायला वाकण्याआधी एकदा विचारा, इथे कोणी राहते का?